फिक्यावर गडद

दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं की उत्कर्षा ‘लाल’ किंवा ‘हिरवा’ हे शब्द तोंडातून काढत नसे. युवराजच्या उजव्या हाताला एक स्टूल होतं. त्यावर बसून ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघायची. रंग बरोबर पडला की म्हणायची, "झाक दिसतंय." चुकला की म्हणायची, "जरा परत बघा." मग युवराज माउस हलवून दुसरा रंग घ्यायचा आणि ती पुन्हा दोहोंपैकी एक वाक्य बोलायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, नवराबायको किती गोडीगुलाबीनं काम करतात.

बारामतीतल्या त्या बोर्ड-फ्लेक्सच्या गाळ्यात हे पाच वर्षं चाललं होतं. युवराजला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते. दोन्ही मातकट दिसायचे, आणि त्यातला कुठला कुठला हे त्याला जन्मात सांगता आलं नव्हतं. ही गोष्ट चौघांनाच ठाऊक होती. तो, पणदऱ्यातले त्याचे आईवडील आणि उत्कर्षा.

उत्कर्षाला ती कळली लग्नानंतर पंधरा दिवसांनी. दोघं तिच्या माहेरी निरवांगीला गेले होते. चुलत्यांच्या बागेत डाळिंबाची तोड चालली होती. नवा जावई हौसेनं मदतीला धावला आणि घटकाभरात पाटीभर फळं घेऊन आला, त्यातली निम्मी कच्ची हिरवीगार. सगळे हसले, तोही हसला. परत येताना जंक्शन नावाच्या गावी चहाला थांबल्यावर मात्र त्यानं कप तसाच हातात धरून ठेवला.

"मी मिलिटरीच्या भरतीला पळालो हुतो," तो म्हणाला. "पळण्यात पयला आलो. मग डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं. सगळं ठिपकंच ठिपकं. म्हणला, आकडा वाच. मला आकडाच दिसंना."

त्याचे वडील जोतीराम तात्या यांनी गावात सांगितलं, की पोराची उंची अर्धा इंच कमी भरली. तेव्हापासून गावातली पोरं त्याच्या उंचीवरून चेष्टा करत होती आणि तो मान खाली घालून हसत होता.

उत्कर्षाला त्या वेळी भरून आलं. जगाला न सांगितलेलं त्यानं आपल्याला सांगितलं, याचं तिला मोठेपण वाटलं. ती म्हणाली, "मी हाय की." किती सहज बोलून गेली. बारामती येईपर्यंत युवराजनं ठरवूनही टाकलं, की आता हिनं दुकानात बसायचं.

तसा तो आपल्या कामात तयार होता. भरती हुकल्यावर एका फ्लेक्सच्या दुकानात राहून तो डिझाइन शिकला. रंग त्यानं आकड्यांनी पाठ केले होते. अमुक शाई शंभर आणि तमुक शाई शंभर म्हणजे लाल, हे त्याला पाढ्यासारखं यायचं. पण त्याची खरी हातोटी वेगळी होती. रंगावर भिस्त ठेवता येत नाही म्हणून त्याची नजर उजेडा-अंधारावर बसली होती. कुठलाही बोर्ड तो आधी काळ्या-पांढऱ्यात करायचा. डोळे बारीक करून मागं सरकायचा, दारापर्यंत जाऊन बघायचा.

"फिक्यावर गडद, न्हायतर गडदावर फिकं," तो उत्कर्षाला सांगायचा. "मधलं काय ठिवलं की मेलं ते. काळ्या-पांढऱ्यात वाचता आलं तर रंगात येणारच. उलटं न्हाय."

एकदा खताच्या दुकानाचा मालक हट्टाला पेटला, की हिरव्या पाटीवर लाल अक्षरं पाहिजेत, म्हणजे उठून दिसतील. युवराजनं त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी नमुना काढून रस्त्याच्या पलीकडं नेऊन टेकवला आणि म्हणाला, "वाचा." मालकाला वाचता आलं नाही. अक्षरं नुसती थरथरल्यासारखी दिसत होती. भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत रस्त्याच्या कडेला युवराजचे बोर्ड होते आणि उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्यालाही ते पळत्या गाडीतून वाचता येत. लोक म्हणायचे, याच्या डोळ्याला तोड नाही. असं कुणी म्हटलं की तो विषय बदलायचा.

अडायचं ते दुसरीकडंच. "या साडीसारखा रंग घ्या," असं म्हणत कुणी पदर पुढं केला की. किंवा माणसाच्या फोटोत. लग्नाआधी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरा हिरवट पडला आणि दोन दिवस चौकात तसाच हसत उभा राहिला. युवराजनं छपाईवाल्यावर ढकललं, पण ती धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. त्यानं कधी माणूस ठेवला नाही. जो शेजारी बसेल त्याला आठ दिवसांत कळेल, ही भीती. बोर्ड चिकटवायलाही ती दोघंच जायची.

आणि उत्कर्षाचा सगळा संसार त्या स्टुलावर आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण निरवांगीहून रंग कोण सांगणार म्हणून ते बारामतीतच झालं. दीड महिन्यात ती परत दुकानात. घर पणदऱ्यात, सासूसासऱ्यांबरोबर; राजलक्ष्मी, म्हणजे राजी, तिथं आजीच्या मांडीवर वाढली. माहेर मोटरसायकलीनं दीड तासावर, पण सलग दोन रात्री ती तिकडं राहिली नव्हती.

ती स्वतः लॅबचा कोर्स शिकलेली होती. रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा, पहिल्या वर्गात. तिच्या वर्गातल्या श्यामलानं इंदापुरात लॅब टाकली तेव्हा तिनं फोन केला होता, "तुझा हात चांगला आहे, ये माझ्याकडं." उत्कर्षानं घरी विचारलं. युवराज म्हणाला, "जा की." दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत अंधारात बसून राहिला. तीन दिवस एक काम घेतलं नाही. चौथ्या दिवशी उत्कर्षानं श्यामलाला कळवलं, जमणार नाही. शटर वर गेलं.

तो कधी ओरडला नाही, कधी हात उगारला नाही. ओरडला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

गेल्या फेब्रुवारीत डॉक्टर नीळकंठ आणि त्यांच्या पत्नी वल्लरीमॅडम दुकानात आले. डॉक्टर डोळ्यांचे. इंदापुरात त्यांच्या नव्या दवाखान्याची इमारत पुरी होत आली होती आणि आतले-बाहेरचे सगळे बोर्ड करायचे होते.

"माझ्या एका पेशंटला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "येताना रस्त्यात त्यांनी एकच बोर्ड वाचला. मी चौकशी केली, तर तो तुमचा निघाला."

युवराजच्या कपाळावर घाम आला. उत्कर्षानं पाण्याचे ग्लास पुढं केले.

दवाखान्याचं बाकीचं सगळं वल्लरीमॅडम बघत होत्या. खोल्यांच्या पाट्या, बाण, औषधांचा काउंटर, सगळं भराभर ठरलं. मग त्या म्हणाल्या, "आणि फरशीवर दोन पट्ट्या हव्यात. दारापासून सुरू होतील. लाल पट्टी ऑपरेशन विभागाकडे, हिरवी तपासणी आणि चष्म्याकडे. वाचता न येणारे लोक येतात. त्यांना पट्टी धरून चालत जायला सोपं."

त्यांनी फरशीचा फोटो दिला. करड्या ठिपक्यांची फरशी होती. युवराजनं त्यावर दोन पट्ट्या टाकल्या. उत्कर्षा म्हणाली, "झाक दिसतंय." मग त्यानं सवयीनं चित्र काळं-पांढरं केलं. दोन्ही पट्ट्या अगदी एकसारख्या करड्या झाल्या आणि करड्या फरशीत जवळजवळ बुडून गेल्या. कुठली कुठं जाते ते ओळखायला जागा राहिली नाही.

उत्कर्षा वाट बघत बसली. आता हा बोलेल. खताच्या दुकानदाराशी भांडला तसा भांडेल. युवराज पडद्याकडं बघत राहिला. समोर डॉक्टर चष्मा पुसत होते. त्यानं बटण दाबून रंग परत आणले.

"चालतंय की," तो म्हणाला.

ते गेल्यावर उत्कर्षानं विचारलं, "तुमी बोलला का न्हाय?"

"डोळ्याचा डॉक्टर हाय तो. का दिसत न्हाय म्हणून इचारलं तर?"

"सांगायचं, फरशीवर उठत न्हाय."

"तुला दिसत हुत्या का दोन्ही?"

"मला दिसत हुत्या."

"मग," तो म्हणाला आणि कॉम्प्युटर बंद केला. "दुसऱ्याला किती दिसतं ते मला कसं कळावं?"

त्याच आठवड्यात निरवांगीहून फोन आला. उत्कर्षाची आई सिंधुबाई गोठ्यात पाय घसरून पडली होती. नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. वडील वारलेले, भाऊ नाही, दावणीला दोन गाई. उत्कर्षाला जाणं भागच होतं. राजीला तिनं पणदऱ्यालाच ठेवलं.

"दोन दिसात ये," युवराज म्हणाला. "इंदापूरच्या पट्ट्या रविवारी बसवायच्यात."

निघण्यापूर्वी तिनं पट्ट्यांसाठी आणलेल्या चिकट व्हिनाइलचे दोन्ही रोल उघडले. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीवर एकाच्या ‘ला’ आणि दुसऱ्याच्या ‘हि’ लिहिलं. त्याच्या हातात देत म्हणाली, "ही अक्षरं बघूनच कापा."

निरवांगीत दिवस उजाडायच्या आत उठावं लागे. शेण, धारा, डेअरीला दूध, आईला उचलून बसवणं. अंग मोडून जायचं. तरी तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात उभी असताना तिच्या ध्यानात आलं, की आपण छातीभर श्वास घेतोय. लगेच तिला चोरट्यासारखं वाटलं.

फोन तर सुटला नव्हताच. रेंज नव्हती म्हणून ती दर वेळी जिना चढून गच्चीवर जायची. युवराज फोटो पाठवायचा. ह्या फेट्याचा रंग कुठला? बाईंचा चेहरा बरा दिसतोय का? एका दिवसात चौदा वेळा ती वर गेली.

"एवढं काय बघतीस त्यात?" सिंधुबाईंनी खाटेवरून विचारलं.

"डिझाइन."

"त्याचं काम त्यो करंल की. लुळा हाय का?"

उत्कर्षाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि गाईला पेंड घालायला गेली.

दोन दिवसांचे सहा झाले. रविवारी संध्याकाळी युवराजचा फोन आला. आवाजात हुरूप होता. "बसवल्या पट्ट्या. एकट्यानं. वर पुठ्ठं आथरून ठिवल्यात, काम चालू हाय म्हणून. बेस्तरवारी उद्घाटन. तूबी ये."

तिला हायसं वाटलं. म्हणजे जमतंय याला.

गुरुवारी शेजारणीला आईजवळ बसवून ती एसटीनं इंदापूरला गेली. दवाखान्यात हार, पेढे, खुर्च्या. पहिल्या दिवशी तपासणी मोफत म्हणून खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्या माणसांची रीघ लागली होती. पट्ट्यांवरचे पुठ्ठे सकाळीच काढले होते. युवराज इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात दारात उभा होता. ती चपला काढून आत आली तसा तो हळूच म्हणाला, "कशी काय बसलीय?"

तिनं खाली बघितलं. दारापासून डावीकडं लाल, उजवीकडं हिरवी. रेघ सरळ, कुठं बुडबुडा नाही, काठ सुरीनं कापल्यासारखे. औषधांच्या काउंटरपाशी बोळ वळत होता. वळणापर्यंत ती गेली आणि थांबली. वळणाच्या पुढं लाल पट्टी हिरवी झाली होती आणि हिरवी लाल.

तिला समजायला वेळ लागला नाही. वळणावर त्यानं नवे तुकडे कापले असणार. तुकडा नळीवरून सुटला की त्यावर अक्षर कुठलं.

"जरा परत बघा," तिच्या तोंडून गेलं.

युवराजचा चेहरा उतरला. त्यानं फरशीकडं टक लावून बघितलं. फरशीनं त्याला काहीच सांगितलं नाही. "कुठं?"

"वळणाच्या पुढं. अदलाबदल झालीय."

पण तोवर उशीर झाला होता. दारातली मुलगी प्रत्येकाला सांगत होती, "हिरवी पट्टी धरून जा." ज्यांना थोडंफार दिसत होतं ते वळणावर गोंधळत होते, आणि पुढं हिरवी धरून थेट ऑपरेशनच्या दारात जाऊन उभे राहत होते. ज्यांना कमी दिसत होतं ते फरशीकडं बघतच नव्हते, पुढच्याचा सदरा धरून चालत होते. पाहता पाहता ऑपरेशनच्या दारात वीस-पंचवीस माणसं जमली. आतून हिरव्या गाऊनमधली नर्स बाहेर येऊन म्हणाली, "इथं कुणी पाठवलं तुम्हाला?" एक आजोबा घाबरून म्हणाले, "मला न्हाय कापून घ्यायचं, मी नुसता दावायला आलोय."

वल्लरीमॅडम धावत आल्या. त्यांनी वळण बघितलं, मग पाहुण्यांकडं बघितलं. आवाज शक्य तितका खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ही पट्टी कुणी बसवली?"

उत्कर्षानं युवराजकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता.

ती क्षणभर थांबली. तिला वाटलं, आता तरी. मग सवयीनं तिची जीभ उचलली. "माझ्या हातून झालं, मॅडम. तुकडे जोडताना चुकलं."

"अहो, चुकलं काय? एवढं लाल-हिरवं डोळ्यांनी बघून लावता येत नाही? पोरखेळ आहे का हा?"

लोक बघत होते. एक दूरची ओळखीची बाईही होती. उत्कर्षा मान खाली घालून ऐकत राहिली. शेजारी दीड हातावर युवराज उभा होता आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी वळणापाशी उभं राहून दोन्ही पट्ट्या बघितल्या आणि मग युवराजकडं जरा वेळ बघितलं. "उरलेला हिरवा रोल असेल ना? तात्पुरता एक बाण कापून लावा."

कोपऱ्यात दोन अर्धे रोल भिंतीला टेकून होते. युवराज तिकडं गेला. त्याचा हात एकावरून दुसऱ्यावर गेला. मग वाकून त्यानं एका नळीच्या आत डोकावून बघितलं, नंतर दुसऱ्या नळीत. डॉक्टर ते बघत होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "आज माणूस उभा करतो वळणावर. रविवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा या. एकटेच या."

दोघं बाहेर आले. रस्त्यावर ऊन तापलं होतं. मोटरसायकलीपाशी येऊन युवराजनं रुमालानं मान पुसली आणि सुटल्यासारखा म्हणाला, "बरं झालं तू सांभाळलंस."

उत्कर्षा त्याच्याकडं बघत राहिली. दारातून बाहेर पडेपर्यंत ती दुसऱ्याच कुठल्यातरी वाक्याची वाट बघत होती.

"मी हितनं निरवांगीला जाते," ती म्हणाली.

"जा. परवा येशील?"

"आईचं प्लास्टर निघूस्तवर तिथंच ऱ्हाणार. आन श्यामलाच्या लॅबमधी जाणार हाय मी. सोमवारपास्नं. दिवसा शेजारीण बसंल आईपाशी. राजीलाबी निरवांगीला आणते."

"आन दुकान?"

"दुकान तुमचं हाय."

त्यानं रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "ठरवून आलीवतीस?"

"न्हाय. तुमी फरशीकडं बघत हुता ना, तवा ठरलं."

त्यानं गाडीला किक मारली. एकदाच लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. तो बारामतीच्या दिशेनं गेला. उत्कर्षा एसटी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसली. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. डोक्यात एकच, आज दुकानात साडीचा नमुना घेऊन कोण आलं तर.

त्यानंतर फोन आलाच नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. ती कामं उरकून उगाच गच्चीवर जाऊन रेंज बघून यायची. सासूबाईंचा फोन मात्र आला. दुकान बंद हाय, जेवत न्हाय, तुला काय वाटतं का न्हाय. शनिवारी जोतीराम तात्या स्वतः राजीला घेऊन एसटीनं आले. मनात असणार, की लेक बघून सून विरघळेल. राजी सरळ गाईच्या वासराकडं पळाली.

"पोरी, त्याची अब्रू तुझ्या हातात हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, उंची कमी भरली म्हणून कशाला सांगितलं वो तुमी?"

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "डोळं अधू हाय म्हणलं असतं तर पोरगी कुणी दिली असती?"

"मला तर नंतर कळलं. मी गेले का सोडून?"

"आत्ता काय चाललंय मग?"

तिनं त्यांची बशी उचलून मोरीत नेऊन ठेवली. खाटेवर सिंधुबाई सगळं ऐकत होत्या. तात्या गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आदी का न्हाय बोललीस?" आणि तोंड भिंतीकडं केलं.

रविवारी दुपारी युवराज आला. इंदापूरहून सरळ आला होता. नखांत गोंद अडकलेला, गुडघ्यांवर धूळ. राजी त्याच्या पायाला बिलगली. तिला कडेवर घेऊन तो ओट्यावर बसला, आणि उत्कर्षानं पाणी दिल्यावर आपणहून सांगू लागला.

"डॉक्टरनं कपाट उघडलं आन तेच पुस्तक काढलं. ठिपक्यांचं. मी म्हणलं, राहू द्या साहेब, मला पाठ हाय काय दिसत न्हाय ते."

"मग?"

"मग काय. म्हणला, शंभरातल्या पाच-सात बाप्यांना असतं. माझ्याकडं रोज येत्यात, म्हणला." तो पाणी प्याला. "पट्ट्या काढल्या सगळ्या. मी त्यास्नी काळं-पांढरं करून दावलं. बघितलं आन गपच झाला. मोतीबिंदूवाल्यालाबी त्या बोळात लाल-हिरवं उमगत न्हाय म्हणं. पयल्याच दिवशी बोलायचं हुतं तुमी, म्हणला."

"आता काय लावलं?"

"एक गडद निळी, हाताएवढी रुंद, सलग. दुसरी पिवळी, दोन्ही कडंला काळी रेघ आन मधी काळं बाण. डोळं मिटून चालल्यागत कळतंय." क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर कामाचा आनंद आला. मग तो मावळला. "मॅडमलाबी सांगितलं त्यांनी. तिथल्या पोरी ऐकत हुत्या. आता उद्या बारामतीत हुईल. झालं तुझ्या मनासारखं?"

"न्हाय," उत्कर्षा म्हणाली. "माझ्या मनात असं हुतं, की तवा तिथं, मॅडम मला बोलत हुत्या तवा, तुमी बोलाल."

त्यानं नखातला गोंद खरवडला. राजी त्याच्या शर्टाची बटणं मोजत होती. मग तो म्हणाला, "मला वाटलं हुतं तू बोलशील, म्हणून मी थांबलो. दर टायमाला बोलतीस तशी."

माफी त्यानं मागितली नाही. जेवून तो गेला.

दीड महिन्यानं आईचं प्लास्टर निघालं. पणदऱ्याहून इंदापूर रोज करणं होण्यासारखं नव्हतं आणि लॅब सोडायला उत्कर्षा तयार नव्हती. महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी युवराजनंच भवानीनगरला कारखान्याच्या जवळ दोन खोल्या बघितल्या. तिथून तो एका बाजूला बारामतीला जातो, ती दुसऱ्या बाजूला इंदापूरला. राजी तिथल्या अंगणवाडीत.

दुकानात त्यानं प्रतिक्षा नावाची मुलगी कामाला ठेवली. तिला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि मग जो येईल त्यालाही सांगू लागला, "रंग तुमी सांगा, वाचता येईल ते मी बघतो." चार गिऱ्हाईकं तुटली. काहीजण अजून मुद्दाम टोमॅटो उचलून विचारतात, "युवराज, सांग बघू ह्यो कुठला?" तो हसतो. पूर्वी उंचीवर हसायचा तसाच. घरी आला की कधी त्याबद्दल बोलतो, कधी दोन-दोन दिवस बोलत नाही, आणि उत्कर्षाला वाटतं, हे आपण केलं. वाटणं थांबत नाही. तरी सकाळी साडेआठची गाडी ती चुकवत नाही.

परवा दुपारी लॅबमध्ये ती लघवी तपासत होती. कागदी पट्टी नमुन्यात बुडवून एक मिनिट थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचं. उशीर झाला की रंग बदलतो. नेमका तेव्हाच फोन वाजला. युवराजचा. प्रतिक्षा आज येणार नव्हती, हे तिला सकाळपासून माहीत होतं.

तिनं फोनकडं बघितलं, मग घड्याळाकडं. पट्टी हळूहळू हिरवट होत होती. फोन वाजत वाजत बंद पडला. तिनं बाटली उजेडात धरून रंग जुळवला, वहीत लिहिलं, पट्टी टाकली, हातमोजे काढले. फोन पुन्हा वाजायला लागला होता. पुढची बाटली तिच्यासमोर होती. तिनं नवे हातमोजे घातले.